काजू कारखान्यातल्या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर शोधताना

वेंगुर्ल्याजवळच्या एका लहान काजू कारखान्याच्या ऑफिसातलं हे यंत्र. इंटेलच्या आठव्या पिढीचा डेस्कटॉप, मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसने बदलून टाकलेला आणि गणपतीला येताना चाकरमान्याने गावी आणलेला. कोकणात कॉम्प्युटर बरेचदा असेच येतात. सोबत खोका नसतो, सीडी नसते, मदरबोर्डचं पुस्तक नसतं. आम्ही जुनी हार्ड डिस्क काढून नवी एसएसडी बसवली आणि विंडोज ११ कोरं टाकलं. त्यानंतर पडद्यावरची अक्षरं बोटाएवढी झाली, वाय-फाय गायब झालं, प्रिंटर गप्प बसला आणि वजनकाट्याचा आकडा बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये येईना. कारखान्यातल्या काकांनी सगळी अडचण एका वाक्यात सांगितली, "काटो चालता, पण कॉम्प्युटरात आकडो येणा नाय."

ड्रायव्हरची तक्रार याहून नेमकी सांगता येणार नाही. वस्तू धड आहे, विंडोज धड आहे, मधला दुभाषा, म्हणजे ड्रायव्हर, नाही. मात्र किनाऱ्यावर एक शक्यता आणखी असते. दुभाषा हजर असतो, पण खाऱ्या वाऱ्याने वाटच गंजलेली असते. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या तर निम्मं काम तिथेच संपतं. दिवसभर डाउनलोड करून शेवटी यूएसबीची पिन हिरवी पडलेली सापडते, असं इकडे सर्रास होतं.

जुनी डिस्क फेकू नका, हे सगळ्यात आधी. ती हळू झाली असली तरी वाचता येत असेल, तर तुमच्या यंत्राला लागणारे जवळजवळ सगळे ड्रायव्हर तिच्यातच असतात. विंडोज फोल्डरमध्ये सिस्टीम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी. विंडोजने आजवर बसवलेल्या प्रत्येक ड्रायव्हरची मूळ प्रत तिथे राहते. डिस्क साटा-यूएसबी ॲडाप्टरने जोडायची, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या वस्तूंच्या यादीत, 'अपडेट ड्रायव्हर', मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर', आणि तो फोल्डर दाखवायचा. 'इन्क्लूड सबफोल्डर्स' वर टिक हवीच. दोन्हीकडचं विंडोज ६४ बिटचं असलं पाहिजे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळतं, त्यामुळे जुनं विंडोज ३२ बिटचं असेल तर त्याचा साठा इथे निरुपयोगी. आणि डिस्क पुसण्याआधी विंडोज अजून सुरू होत असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पीएनपीयूटिल' या विंडोजमधल्याच आज्ञेला 'एक्सपोर्ट-ड्रायव्हर' हा पर्याय द्यावा, पुढे तारांकन आणि पेनड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरात उतरतात. आमच्याकडे ही संधी नव्हती, पण जुनी डिस्क हाती होती.

नेटशिवाय नेटचा ड्रायव्हर कसा आणायचा, हा नेहमीचा पेच. विंडोज ११ तर पहिल्या मांडणीतच इंटरनेट मागतं आणि तिथे अडून बसतं. यावर अँड्रॉइड फोन पुरतो. फोन यूएसबी केबलने जोडायचा आणि सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. विंडोजकडे त्याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, फोन साध्या लॅन कार्डासारखा दिसतो. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलीत डेटाच्या दोन तारा नसतात, तिथे कितीही वेळ बसून काही होत नाही. आयफोनला मात्र आधी ॲपलचा ड्रायव्हर लागतो, म्हणून या कामाला तो घेऊ नये.

गावात फोनच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर हे सगळं चालतं, आणि विंडोज पहिल्याच तासात मासिक अपडेट ओढायला लागतं. त्यामुळे जोडणी झाल्याबरोबर सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'इथरनेट' आणि तिथे 'मीटर्ड कनेक्शन' चालू करावं. एवढंच केलं तर ड्रायव्हरही अडतात. म्हणून 'ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस' मधल्या 'डिव्हाइसेस' पानाच्या तळाशी मीटर्ड जोडणीवरून ड्रायव्हर उतरवू देण्याचं बटण आहे, तेही चालू करायचं. मग ड्रायव्हर येतात आणि मोठे अपडेट बहुतेक थांबून राहतात. काम संपल्यावर दोन्ही पूर्ववत करायला विसरू नये, कारण सुरक्षेचे अपडेट कायमचे अडवणं घातक आहे.

यानंतर घाई करायची नाही. विंडोज अपडेट दोनदा तपासायचं, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मधल्या 'ऑप्शनल अपडेट्स' मध्ये 'ड्रायव्हर अपडेट्स' उघडून बघायचं, अर्धा तास द्यायचा, रीस्टार्ट करायचं. बऱ्याच वेळा एवढ्यावर पडदा सरळ होतो आणि आवाज परत येतो. आमच्याकडेही ग्राफिक्स आणि ऑडिओ असेच आले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे त्रिकोण, म्हणजे ड्रायव्हर नसल्याच्या खुणा, उरले चार. वाय-फाय कार्ड, 'एसएम बस कंट्रोलर', 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' आणि काट्याची केबल.

इथे बहुतेक लोक त्या नावानेच शोधायला लागतात आणि भलत्याच साइटवरचा भलताच डाउनलोड घेऊन बसतात. 'एसएम बस कंट्रोलर' हे वस्तूचं नाव नव्हे, तो प्रकार झाला. कोण्या गावच्या मनुष्याला 'कोकणातला माणूस' या नावाने पत्र टाकल्यासारखं ते आहे. खरा पत्ता आत असतो. त्या ओळीवर डबल क्लिक, 'डिटेल्स' टॅब, 'प्रॉपर्टी' च्या यादीत 'हार्डवेअर आयडीज'. वाय-फाय कार्डाची पहिली ओळ 'पीसीआय' ने सुरू झाली, पुढे 'व्हेन' आणि १०ईसी, त्यापुढे 'डेव्ह' आणि सी८२१, त्यापुढे 'सबसिस' आणि आठ अक्षरं, शेवटी 'रेव्ह'. 'व्हेन' म्हणजे चिप बनवणारा. १०ईसी म्हणजे रिअलटेक. ८०८६ दिसलं तर इंटेल, १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडीचं ग्राफिक्स, १४ई४ असेल तर ब्रॉडकॉम, १६८सी असेल तर क्वालकॉम अथेरॉस. 'डेव्ह' म्हणजे नेमकी चिप. रिअलटेकच्या बाबतीत सी८२१ म्हणजे ८८२१सीई हे वाय-फाय कार्ड, आणि ८१६८ दिसलं तर लॅनची नेहमीची गिगाबिट चिप.

'सबसिस' मधली शेवटची चार अक्षरंही वाचावीत, कारण खोका नसलेल्या यंत्राची ओळख तिथे पटते. १०३सी असेल तर एचपी, १०२८ डेल, १७एए लेनोवो, १०४३ असुस, १०२५ एसर. कॅबिनेटवरचं स्टिकर दमट हवेत गळून पडलेलं असलं तरी आतला हा नंबर पुसला जात नाही. मॉडेलचं नाव 'सिस्टीम इन्फर्मेशन' मध्ये मिळतं, सुटे भाग जोडून बनवलेल्या यंत्राला 'बेसबोर्ड प्रॉडक्ट' ची ओळ पाहावी.

मॉडेल कळल्यावर ड्रायव्हर आधी यंत्र बनवणाऱ्याच्या सपोर्ट पानावर शोधायचा, तिथे नसेल तर चिप बनवणाऱ्याकडे, आणि दोन्हीकडे नसेल तर मायक्रोसॉफ्ट अपडेट कॅटलॉगमध्ये 'व्हेन' आणि 'डेव्ह' हा जोड टाकायचा. हाच क्रम का, तर यंत्र बनवणारा कधी कधी चिपच्या ड्रायव्हरमध्ये स्वतःचे बदल करतो, विशेषतः लॅपटॉपच्या ऑडिओत, टचपॅडमध्ये आणि ग्राफिक्समध्ये. आम्ही वाय-फायचा ड्रायव्हर जुन्या डिस्कवरच्या साठ्यातून घेतला, कारण हेच कार्ड त्याच ड्रायव्हरवर आधी नीट चाललं होतं. तो घेण्यापूर्वी एक तपासणी केली, जी प्रत्येकाने करावी. ड्रायव्हरच्या फोल्डरात 'आयएनएफ' शेवट असलेली फाइल असते. ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. कंट्रोल आणि एफ दाबून 'डेव्ह' चा नंबर शोधायचा. सापडला तर हा ड्रायव्हर तुमच्या वस्तूचा, नाही सापडला तर सेटअप कितीही देखणा असो, बसणार नाही. त्याच फाइलमध्ये 'एनटी-एएमडी६४' असं दिसतं आणि इंटेलवाले दचकतात. त्यात दचकण्यासारखं काही नाही, इंटेल असो वा एएमडी, ६४ बिटच्या ड्रायव्हरची ती खूणच आहे.

कॅटलॉगमधून 'कॅब' फाइल मिळते. ती डबल क्लिकने चालत नाही, आतल्या फाइली वेगळ्या फोल्डरात काढाव्या लागतात, आणि मग 'ब्राउझ माय कॉम्प्युटर' ने तो फोल्डर दाखवायचा.

एसएम बस आणि सिंपल कम्युनिकेशन्स या दोन ओळी इंटेलच्या यंत्रावर नेहमी जोडीने उरतात. पहिलीला चिपसेटचं 'आयएनएफ' पॅकेज लागतं, दुसरी म्हणजे इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन. चिपसेट आधी, मग दुसरं, मग रीस्टार्ट. चिपसेटच्या ड्रायव्हरची तारीख पाहिली तर १८ जुलै १९६८ दिसते आणि लोक चक्रावतात. ती इंटेलच्या स्थापनेची तारीख आहे. हे पॅकेज बहुतेक नुसती नावं देतं. त्याने दुसऱ्या चालत्या ड्रायव्हरला कधी बाजूला सारू नये, म्हणून मुद्दाम एवढी जुनी तारीख ठेवतात. विंडोजसोबत येणाऱ्या बऱ्याच ड्रायव्हरवर तसंच २१ जून २००६ असतं, आवृत्ती मात्र आजची असते. तेव्हा तारखेवर जाऊन 'तुमचे अमुक इतके ड्रायव्हर जुने झाले' असं बजावणारी फुकटची अपडेटर सॉफ्टवेअरं घालू नयेत. चालता ड्रायव्हर बदलायला कारण हवं: काही बिघडलं असेल, बनवणाऱ्याने सुरक्षेची सूचना दिली असेल, किंवा नव्या विंडोजवर जुना चालतच नसेल. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालतात, तिथली चूक सबंध यंत्र पाडते. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली, ती याच कारणाने. तो अपडेट वाचणारा भाग कर्नलमध्ये ड्रायव्हर म्हणून बसलेला होता.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या अनेक लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. एसएसडी मेलेली नसते. व्हीएमडी नावाची, डिस्क सांभाळणारी सोय चालू असते आणि इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उलगडून पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि त्या पडद्यावर 'लोड ड्रायव्हर' दाबून दाखवायचा. डिस्क लगेच उभी राहते.

आता वजनकाटा. सगळ्यात जास्त वेळ त्यानेच घेतला.

काट्याच्या पाठीमागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट, कॉम्प्युटरला तसा पोर्ट नाही, म्हणून मध्ये यूएसबी-सीरियल केबल. पहिल्यांदा जोडली तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'अननोन यूएसबी डिव्हाइस, डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' आणि कोड ४३. 'डिटेल्स' मध्ये 'डिव्हाइस इन्स्टन्स पाथ' पाहिला. 'व्हीआयडी' (बनवणाऱ्याचा नंबर) च्या पुढे चार शून्यं, 'पीआयडी' (वस्तूचा नंबर) ०००२. हे दिसलं की ड्रायव्हर शोधणं तिथेच थांबवावं. यूएसबीची कोणतीही वस्तू जोडल्याबरोबर आधी स्वतःचा नंबर सांगते, आणि त्या नंबरावरून विंडोज ड्रायव्हर निवडतं. चार शून्यं म्हणजे वस्तू बोललीच नाही. जिचं नाव कळलं नाही तिला ड्रायव्हर कुठला देणार? दोष केबलीत, पोर्टात, विजेत किंवा वस्तूत असतो.

टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टात पाहिलं. चार पितळी पट्ट्यांपैकी दोनवर हिरवट-पांढरा थर. ऑफिसाच्या खिडकीतून समुद्राचा वारा थेट आत येतो आणि पुढचे पोर्ट बाराही महिने उघडे. पावसाळ्याचे चार महिने तर भिंतीलाही ओल असते. कॉम्प्युटर बंद करून मेन स्विचवरून वायर काढली, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने पोर्ट आणि केबलीचं टोक दोन-तीनदा पुसलं, पंधरा-वीस मिनिटं वाळू दिलं. त्याच वेळी रॅमच्या पट्ट्या काढून सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबरने घासल्या आणि कचरा झटकला. घरगुती सॅनिटायझर यासाठी वापरू नये, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. मग केबल पुढे न लावता मागच्या पोर्टात लावली. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात, पुढच्यांना आतून आणखी एक लांब वायर असते आणि तिचाही जोड गंजतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंगही तपासून घ्यावं. जांभ्याच्या कोरड्या कातळावर, खासकरून एप्रिल-मे मध्ये, ते धड लागत नाही आणि यूएसबीच्या वस्तू मधूनच सुटतात.

या वेळी नंबर आला. 'व्हीआयडी' ०६७बी, 'पीआयडी' २३०३, म्हणजे प्रोलिफिकची चिप. आणि आता खरी ड्रायव्हरची अडचण दिसली. विंडोज अपडेटने नवा ड्रायव्हर बसवला, त्याने वस्तूच्या नावाच्या जागी लिहिलं, 'पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२, प्लीज कॉन्टॅक्ट युअर सप्लायर'. बनवणाऱ्याने २०१२ पासून या जुन्या चिपचा आधार काढून घेतला आहे. बाजारात तिच्या नकलाही भरपूर आल्या, त्या नव्या ड्रायव्हरवर कोड १० दाखवून थांबतात. इथे 'लेटेस्ट' शोधून काही उपयोग नाही, मागे जावं लागतं. २००८ सालच्या ३.३.२.१०५ या आवृत्तीवर ही चिप चालते. ती बसवून 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ', आणि मग 'लेट मी पिक फ्रॉम अ लिस्ट' मध्ये जुनी आवृत्ती हाताने निवडली. तो संदेश गेला.

विंडोज नंतर पुन्हा नवा ड्रायव्हर चढवतं. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये 'डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स' हा पर्याय आहे, होममध्ये ग्रुप पॉलिसी नसते. आणि काही जुने ड्रायव्हर विंडोज सिक्युरिटीमधल्या 'मेमरी इंटिग्रिटी' ला चालत नाहीत, तिथे 'इनकम्पॅटिबल ड्रायव्हर्स' च्या यादीत त्यांचं नाव येतं. असं झालं तर मेमरी इंटिग्रिटी बंद करू नका. एका केबलीपायी बिलांच्या आणि बँकेच्या यंत्राचं कवच काढू नये. एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपची नवी केबल घ्यावी. पहिलीचा 'व्हीआयडी' ०४०३ असतो, दुसरीचा १ए८६, दोन्ही विंडोज ११ वर सरळ चालतात. जुना ड्रायव्हर ही आम्ही नवी केबल येईपर्यंतची सोय मानली, आणि सावंतवाडीहून केबल आल्यावर तो काढून टाकला.

ड्रायव्हर बसला तरी आकडा लगेच येत नाही. विंडोजने पोर्टला 'कॉम५' नंबर दिला होता आणि बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉम१' ते 'कॉम४' एवढेच पर्याय. 'पोर्ट सेटिंग्ज', 'ॲडव्हान्स्ड', तिथे 'कॉम३' निवडला. मग पुटी नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये सीरियल, 'कॉम३', वेग ९६०० लावून पाहिलं. पडद्यावर चित्रविचित्र खुणा आल्या तर वेग किंवा पॅरिटी चुकली आहे, २४०० लावून पाहावं. काहीच आलं नाही तर पिन २ आणि ३ उलटसुलट आहेत का ते बघावं, पिन ५ ग्राउंडची. तेही बरोबर असेल तर काट्याच्या मेनूत आकडा सतत पाठवण्याची सोय चालू आहे का ते तपासावं. इथे २४०० वर डबल्यू-३२० प्रतीच्या काजूच्या डब्याचं वजन सरळ रेषेत उतरायला लागलं.

प्रिंटर जुना एचपी लेझरजेट १०२०. या प्रिंटरमध्ये स्वतःचं फर्मवेअर साठवलेलं नसतं, चालू केल्यावर दर वेळी ड्रायव्हर ते त्याच्यात ओततो. त्यामुळे 'साधारण' ड्रायव्हर लावून तो हलत नाही, त्याचाच लागतो. केबल सेटअपने सांगितल्यावरच जोडायची, आधी नाही. आणि नंतर केबलीचा पोर्ट बदलला की विंडोज 'कॉपी १' नावाचा दुसरा प्रिंटर बनवतं, बिलं जुन्या ऑफलाइन प्रिंटरकडे जाऊन साचतात. म्हणून कॅबिनेटच्या मागे त्या पोर्टशेजारी मार्करने 'प्रिंटर' लिहून टाकलं, काट्याच्या पोर्टशेजारी 'काटा'.

सगळं चालल्यावर 'रिस्टोअर पॉइंट' केला. पुढे एखादा ड्रायव्हर बिनसला तर त्याच्या 'ड्रायव्हर' टॅबमधलं 'रोल बॅक ड्रायव्हर' आधी दाबून बघावं, ते करडं असेल तर मग रिस्टोअर. शेवटी 'पीएनपीयूटिल' ने सगळे ड्रायव्हर एका पेनड्राइव्हवर उतरवले, सोबत त्या चारही वस्तूंच्या हार्डवेअर आयडींची मजकूर फाइल, आणि पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह टेबलाच्या खणात ठेवला. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या, असं डब्याच्या झाकणावर लिहिलं आहे.